त्रेसष्ट छपरांचा कॉम्प्युटर

मी कॉम्प्युटर बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, रागात बोलतोय. पंखा घरघरतोय तिकडे लक्ष देऊ नका, ते वयाचं आहे. रागाचं मी तोंडाने बोलतो.

मुक्काम अष्टमी. रोह्यातून कुंडलिकेवरचा पूल ओलांडून आलात की तिसरा गाळा. बाहेर पाटी आहे, ‘लग्नपत्रिका व हळदीचे बॅनर’. आत खुर्चीत अनिता आणि टेबलावर मी. पंधरा वर्षं आम्ही दोघं एकमेकांसमोर बसलोय. एवढा वेळ नवराबायकोसुद्धा समोरासमोर बसत नाहीत.

जन्म मात्र माझा पेणचा. जन्म म्हणजे जुळणी. एका बोळातल्या दुकानात चार स्क्रू मारून मला उभा केला. शेजारी गणपतीचा कारखाना, समोर गणपतीचा कारखाना, त्यामुळे पहिला श्वास घेतला तोच शाडूच्या धुळीचा. माझी पहिली साफसफाई झाली तेव्हा पोटातून जी माती निघाली, तिचा एक अख्खा उंदीर झाला आणि एका दीड फुटी मूर्तीच्या पायाशी बसून तो विसर्जनालाही गेला. खोटं वाटत असेल तर पेणला जाऊन विचारा. कुणी सांगणार नाही, पण विचारा.

अनिताने मला पेणहून एसटीने आणलं, मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, “ह्याचं वय काय?”

“आजच झालाय,” अनिता म्हणाली.

“मग तिकीट नाय.”

असा मी फुकट रोह्याला आलो.

इथे आल्यावर मी काय काय सोसलं ते सांगत बसत नाही. एकदा नदीचं पाणी गाळ्यात शिरलं, तेव्हा अनिताने मला कपाटावर चढवलं, पण कीबोर्ड खालीच राहिला. एक कोळंबी येऊन एंटरच्या बटणावर बसली. त्या हंगामातल्या एका पत्रिकेत वधूच्या आणि वराच्या नावांत चार ओळींची जागा सुटलेली आहे. त्या जोडप्याचं अजून पटत नाही. पण त्यात माझा दोष नाही, कोळंबीचा आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या भागातली लग्नपत्रिका तुम्ही पाहिली असेल. तिच्यात वधूवर दोन ओळींत उरकतात आणि बाकी सगळी भावकी असते. आजोबा, चुलते, चुलत्या, त्यांचे मुलगे, सुना, दिल्या घरच्या लेकी, जावई, नातवंडं, आणि तीही मानाने, थोरापासून धाकट्यापर्यंत. एक नाव राहिलं की ते घर मांडवात येत नाही. एक नाव वरचं खाली गेलं की येतं, पण भांडायला. म्हणून अनिता एका घराची पत्रिका एकदा जुळवली की जन्मभर जपते. पुढच्या लग्नाला तीच उघडायची, नवी सून घालायची, गेलेल्या माणसाला कैलासवासी करायचं.

अनिताचं माहेर करंजघर, पेणच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. त्रेसष्ट उंबरे. गावामागच्या टेकडीवरून काढलेला गावाचा फोटो तिने माझ्या पडद्यावर लावला होता. सगळी कौलं, पत्रे, अंगणं स्पष्ट. आणि ज्या घराची पत्रिका, तिचा पिवळा फोल्डर तिने त्याच घराच्या छपरावर नेऊन ठेवला होता. बुधाचा फोल्डर बुधाच्या कौलांवर. पोलीस पाटलांचा त्यांच्या गच्चीवर. असे त्रेसष्ट फोल्डर त्रेसष्ट छपरांवर.

नावं? नावं तिने दिलीच नव्हती. नवीन फोल्डर केला की मी आपोआप नाव देतो, ‘न्यू फोल्डर’, मग ‘न्यू फोल्डर दोन’, मग तीन. तेच राहिलं. गिऱ्हाईक आत आलं की तिची नजर त्याच्या छपरावर आणि बाण तिथे हजर. फोल्डरचं नाव वाचायची गरजच कधी पडली नाही. गावात कुणी घरावर नाव लिहितं का? पोस्टमन कधी चुकला का?

आता माझ्या रागाचं कारण येतं. त्याचं नाव नितेश. अनिताचा धाकटा दीर. वय बत्तीस, धाटावच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात. माणूस वाईट नाही, पण शहाणा आहे, आणि ते त्याला माहीत आहे.

प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बटण दाबलं की काय करायचं, वस्तू कुठे ठेवायची, प्रिंटरला हाक कशी मारायची, सगळं तोच बघतो. माझा कारभारी म्हातारा झाला होता. त्याच्या कंपनीने कळवलं, आता आम्ही ह्याची काळजी घेणार नाही, नवा घ्या. आणि नवा असा मस्तवाल की माझ्यासारख्या जुन्या अंगात यायलाच तयार नाही. पडद्यावर रोज चिठ्ठी यायची. अनिता रोज ‘नंतर आठवण करा’वर टिचकी मारायची. दोन वर्षं.

“वहिनी, दुसरी एक सिस्टीम असते,” नितेश म्हणायचा. “फुकट. व्हायरस नाय, चिठ्ठी नाय. ह्या म्हाताऱ्यावर पळेल घोड्यासारखी.”

“बघू हो भावजी. लग्नसराई संपू दे.”

“तुम्ही लोक बदलायला घाबरता. हेच तर चुकतं.”

घाबरता! माझा पंखा तेव्हाच तापला. अहो, ही बाई एका सकाळी आईबाप, घर, आडनाव, कुलदैवत आणि आमटीची चव एवढं सगळं मागे ठेवून, तुमच्या घरात आली. तुमच्या घरातल्या एका पुरुषाने कधी उशी बदललीय का? आणि घाबरते म्हणे!

घाबरत नव्हती ती. तिच्या हाताला वाटा ठाऊक होत्या. डोळे मिटून ती मला चालवायची. ह्या वाटा तिने पंधरा वर्षांत पायी पाडल्या होत्या, आणि कोणीतरी येऊन म्हणत होता, ‘हा रस्ता मोडतो, पलीकडे चांगला आहे.’ पलीकडचा चांगला असेलही. पण मधल्या काळात दळण कुठून न्यायचं ते सांगाल का? ते कुणीच सांगत नाही. नवीन काय मिळेल ह्याची यादी सगळ्यांकडे असते. काय जाईल ते विचारायला वेळ नसतो.

मग तो रविवार उजाडला. अनिता पेणला गेली होती, छापखान्यात. नितेशच्या मनात आलं, वहिनीला चकित करू. पेन ड्राइव्ह घेऊन आला. मनात पाप काहीच नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, पण पुण्य करणारा माणूस फार घाईत असतो. त्याने सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर काढल्या, जुना कारभारी पुसला, नवा आणून बसवला, फाइली परत ओतल्या. शिट्टी वाजवत.

मला शुद्ध आली तेव्हा माझ्या कपाळावर बर्फाचा डोंगर होता. अष्टमीत बर्फ! करंजघर गायब. त्रेसष्ट फोल्डर डावीकडे उभ्या रांगांत, शाळेतल्या कवायतीसारखे, सगळे निळे. न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर तीन. घड्याळ खालच्या उजव्या कोपऱ्यातून उठून वर मध्यभागी जाऊन बसलेलं. आणि शेजारी पाच वर्षं खांद्याला खांदा लावून बसलेला प्रिंटर मला विचारतोय, ‘आपण कोण?’

सोमवारी सकाळी अनिता खुर्चीत बसली. हात माउसवर गेला. बाण सवयीने वर उजवीकडे गेला आणि बर्फावर थांबला. हात तिथेच राहिला. मी तिला पुरातही असं पाहिलं नव्हतं.

नितेश रजा टाकून कौतुक ऐकायला आलाच होता. “काय वहिनी, पळतोय की नाय?”

“भावजी, गाव कुठंय?”

“सगळं हाय. एक फाइल गेली नाय. मोजून घेतलंय.”

“फाइली हायत हो. कुठली कुणाची?”

“नाव बघा ना.” मग त्याने नावं बघितली. जरा खोकला. “नावं नाय दिलीत तुम्ही? वहिनी, हे चूक हाय तुमचं. तारखेने लावतो, थांबा.”

तारखेने लावले. प्रत्येक फाइलची तारीख एकच निघाली, कालचा रविवार. म्हणजे करंजघरातली पंधरा वर्षांतली सगळी लग्नं काल एकाच दिवशी लागली होती, आणि लावणारा भटजी समोर उभा होता.

एक फोल्डर उघडला. पत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. अनिता जुन्या पद्धतीच्या मराठी टाइपात काम करते. त्यात इंग्रजी बटणाखाली मराठी अक्षर बसवलेलं असतं. तो टाइप जुन्या कारभाऱ्याबरोबर पुसला गेला, आणि मुखवटा उतरून मागची बटणं तेवढी दिसायला लागली.

“टाइप शोधून आणतो कुठूनतरी,” नितेश म्हणाला. “दोनतीन दिवस द्या.”

अनिता उठली, चहा करायला. नितेशचा दुकानात एक ठरलेला कप आहे, निळ्या फुलांचा, खिडकीतल्या खिळ्यावर टांगलेला. तो न बघताच खिडकीकडे हात करून उभा राहिला. हातात काही आलं नाही.

“वहिनी, माझा कप?”

“हाय की. गेला नाय. मोजून घेतलाय.”

“कुठं पण?”

“नवीन जागी. लय फास्ट हाय.”

तो कप त्याला सापडला नाही. पेपरच्या ग्लासातून चहा प्याला, आणि तो त्याला गोड लागला नाही. मी मनातल्या मनात नाचलो.

एवढ्यात दाजी आले. दाजी म्हणजे करंजघरचे, अनिताचे गाववाले, पंच्याहत्तरीचे. डोक्यावर टोपी, हातात छत्री. बाकड्यावर बसले, नितेशकडे बघून घुटमळले, मग बोलले.

“अनिता गो, सुरभीचं लगीन ठरलंय. माझ्या नातीचं. पत्रिका उद्या छापखान्यात जायला हवी. परवा पहिली गावदेवीला ठेवायची.”

“होईल दाजीकाका. तुमची नावं पाठ हायत मला.”

“माझी नाय.” दाजींनी छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली. “कान्हूची हवीत.”

अनिता वळून बघायला लागली. कान्हू म्हणजे दाजींचा सख्खा धाकटा भाऊ. दोन घरांत पन्नास पावलांचं अंतर आणि वीस वर्षांचा अबोला. कारण बांधावरचा फणस, त्याची एक फांदी. तो फणस मागच्या मोठ्या वादळात मुळासकट गेला. भांडण तेवढं हललं नाही. कान्हूचा मुलगा नागोठण्याला कंपनीत लागला, सगळं घर तिकडेच राहायला गेलं. गौरीगणपतीला येतात, तेव्हा दाजी दार ओढून घेतात.

“त्याच्या घरातली सगळी नावं माझ्या पत्रिकेत हवीत,” दाजी म्हणाले. “मानाने, बरोबर. एकबी चुकता नये. पन मला ती ठाऊक नाय गो. त्याच्या घरात कोण जन्मलं, कोण सून आली, वीस वर्षांत मी इचारलंच नाय.”

“मग फोन लावू का गोरखदादाला? कान्हूकाकांच्या मुलाला?”

“नको, नको! एकाला इचारलं का गावाला कळलं. कान्हूच्या कानावर गेलं आन तो आधीच नाय म्हनाला, का संपलं. पत्रिका हातात पडली, तीत समद्यांची नावं दिसली, तर नाय म्हनायला त्याची जीभ उचलायची नाय. गेल्या वर्षी त्याच्या नातवाची पत्रिका तूच केलीस ना? ती हाय ना तुझ्यापाशी?”

ती पत्रिका माझ्या पोटात होती. वीस वर्षं एका माणसाने अबोला धरला होता, तो माझ्या पोटात ठेवलेल्या एका पानापाशी येऊन ठेपला होता, आणि मला ते पान दाखवता येत नव्हतं. जागा पुसली होती. जागेला कुणी माहिती मानतच नाही. मोजताना फाइली मोजतात.

नितेश हळूच बाकड्यावर बसला. बर्फाचा डोंगर बघायचं त्याने टाळलं.

अनिताने पदर खोचला. “भावजी, गावाचा फोटो तरी हाय?”

तो होता. नितेशने मुकाट्याने बर्फ काढला आणि करंजघर लावलं. दाजी पुढे सरकले, डोळे बारीक केले. “हे आमचं गाव? आयला, टेकडीवरून कसं दिसतं बघ! ही माझी कौलं. ही चार फुटलीत, बदलायची हायत.”

“दाजीकाका, पत्रिका वाचता येत नाय आता. पन प्रत्येकात हळदीच्या बॅनरचा फोटो हाय. फोटो दिसतो. मी एकेक उघडते, तुम्ही सांगा कुनाचा पोर.”

“तुला ओळखू येत नाय व्हय?”

“तेवीस वर्षं झाली मला गाव सोडून. आन बॅनरवरचे नवरे सगळे सारखेच दिसतात मला. काळा चष्मा, निळा कोट, छातीवर हात.”

मग सुरू झालं. अनिता उघडायची, दाजी नाक पडद्याला लावायचे.

“हा बुधाचा मधला. पिंपळापाशी ठेव.”

अनिता तो फोल्डर ओढून पिंपळाशेजारच्या छपरावर ठेवायची.

“ही वरच्या आळीतली मनस्वी. हिच्या लग्नात वरण खारट झालेलं.”

“ह्याला कोट कुनी दिला? भाताच्या कणगीला गोणपाट गुंडाळल्यासारखा दिसतोय.”

छपरं एकेक भरत होती. नितेश प्रिंटरशी माझी नव्याने ओळख करून देत होता, पण कान इकडेच होते. चाळीस घरं झाली. पन्नास झाली. दुपारची झोप दाजी विसरले. प्रत्येक चेहऱ्याला त्यांच्याकडे नाव होतं, घर होतं, आणि एक तक्रार होती.

छप्पन्नावा फोल्डर उघडला. काळा चष्मा, निळा कोट. दाजी बघत राहिले. टोपी काढली, परत घातली.

“कुनाचा, दाजीकाका?”

“ह्याला मी ओळखत नाय.”

“नीट बघा.”

“बघतोय. समद्या गावात हा एकच पोर मी ओळखत नाय.” मग ते थांबले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. “म्हंजे हा माझ्याच भावाचा नातू.”

नितेशने प्रिंटर सोडून मान वर केली.

“नाक आमच्या आयेचं हाय,” दाजी म्हणाले.

अनिताने पत्रिका उघडली. चिवडा. नितेश म्हणाला, “वहिनी, हा तर वाचताच येणार नाय टाइपाशिवाय.”

अनिता म्हणाली, “डोळ्यांनी नाय येणार.”

तिने बोटं कीबोर्डवर ठेवली. चिवड्यातलं पहिलं अक्षर बघितलं, ते बटण दाबलं, आणि बोटाला आठवलं की ह्या बटणाखाली कुठलं मराठी अक्षर राहतं. दुसरं. तिसरं. पंधरा वर्षं त्या बोटांनी करंजघरच्या लेकीसुना त्याच बटणांवर टाइप केल्या होत्या. ओळीला दहा मिनिटं लागत होती. बोट दाबायचं, ओठ बोलायचे, नितेश कागदावर लिहून घ्यायचा. हो, नितेश. शहाण्याच्या हातात पेन आणि वहिनी सांगतेय.

“कान्हू... मैना...”

“मैना माझी भावजय,” दाजी म्हणाले.

“गोरख... वनिता... साहिल. हा नवरा मुलगा. आन... अपेक्षा.”

“अपेक्षा कोन?”

“साहिलची धाकटी बहीण. नात कान्हूकाकांची.”

“कान्हूला नात हाय?” दाजींनी छत्रीच्या मुठीवर कपाळ टेकलं. “आमच्या घरान्यात दोन पिढ्या पोरगी नव्हती. सुरभी झाली तवा मी गावभर पेढे वाटले. त्याच्या दारापुढून नेले, आन दिले नाय.”

अनिताने साहिलची नवी बायको, नमिता, तिचंही नाव शेवटी घातलं. पाच वाजता पत्रिका तयार झाली, नितेशच्या हस्ताक्षरात; टाइप छापखान्यानेच लावायचा. निमंत्रकांत पहिलं नाव दाजींचं, दुसरं कान्हूचं. सकाळी ती छापखान्यात पेणला गेली.

नितेश जाताना दारात थांबला. “वहिनी, जुनी सिस्टीम परत टाकू का?”

“नको. आता बसलीय तर बसू दे. पन पुढल्या खेपेला हात लावायच्या आधी इचारा. आन ते घड्याळ खाली आना.” मग तिने कपाटामागून निळ्या फुलांचा कप काढला आणि खिळ्यावर टांगला.

तर अशी माझी गोष्ट. नवा कारभारी वाईट नाही. चिठ्ठ्या पाठवत नाही, पळतोही बरा. मी काही जुन्याचा भक्त नाही. पण हातात पेन ड्राइव्ह घेऊन गावोगाव फिरणाऱ्या सगळ्या नितेशांना माझं एकच सांगणं आहे. एखादी बाई, एखादा म्हातारा, एखादा क्लार्क तुम्हाला ‘राहू दे, नंतर बघू’ म्हणाला, तर त्याला अडाणी म्हणू नका. त्याच्या पडद्यावर तुम्हाला पसारा दिसतो तिथे बहुतेक एक गाव वसलेलं असतं. आधी शेजारी बसा. विचारा, हे इथे का ठेवलंय. तेवढं विचारलंत तर माझ्यासारख्या म्हाताऱ्यांचा दुवा मिळेल. नाही विचारलंत तर एक कोळंबी माझ्या ओळखीची आहे.

आठवड्याने एक म्हातारा दुकानात आला. हातात सुरभीची पत्रिका, घडी घालून घालून मऊ झालेली. कान्हू. नागोठण्याहून आला होता.

“अनिता गो, ही नावं दाजीला कुनी सांगितली?”

“ह्यानं,” अनिताने माझ्याकडे बोट केलं.

कान्हू बाकड्यावर बसून माझ्याकडे वाकला. छपरं बघितली. मग बोट लावलं. “हे माझं घर?”

“व्हय.”

“आन हे वरचं दाजीचं.” त्याने पडद्यावर दोन बोटांनी अंतर मोजलं. “लय लांब दिसतंय गो. माझं जरा वर सरकव. त्याच्याजवळ ठेव.”

अनिताने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“नाय, कान्हूकाका. घर हाय तिथंच ऱ्हानार. तुम्ही चालत जा. पन्नास पावलं हायत.”

कान्हू हसला नाही, रागावलाही नाही. पत्रिका खिशात ठेवली, बाकड्यावरून उठला आणि दारातून मागे वळला.

“पेणची गाडी कधी हाय? वाजले किती?”

मी दाखवली वेळ. खाली, उजव्या कोपऱ्यात.